भूकंपावर पैज लावू द्यायची का?

प्रश्न: आमच्या सोसायटीत पोरं पाचशे-पाचशेची पैज लावतायत, दिवाळीआधी गुजरातमध्ये मोठा भूकंप होणार की नाही. भाचा म्हणतो अभ्यास केला की जिंकता येतं, खरंय का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: नाही हो ताई, तारीख कुणालाच सांगता येत नाही. कॅलिफोर्नियात पार्कफील्डला साधारण २२ वर्षांनी भूकंप व्हायचा, म्हणून शास्त्रज्ञांनी १९९३ च्या आत होणारच असं ९५ टक्के खात्रीने सांगितलं, यंत्रं लावून बसले आणि तो आला थेट २००४ ला! शक्यता सांगतात ती पुढच्या ३०-५० वर्षांची. आणि मला तर ही पैजच पटत नाही, २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये हजारो माणसं गेली, त्यावर पैसे कसले लावायचे? भाच्याला सांगा, त्या पाचशेत लोखंडी कपाट भिंतीला क्लॅम्पने पक्कं करून घे, पलंगाशेजारचं आधी.