पाणी आटलं की नदी बघून घे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज पोचला. शेजारी बसलेल्याला मासा लागतो आणि तुला नाही, म्हणजे तुझं नशीबच खोटं, असं तू लिहिलंस. नशिबाचा वाटा आहेच. पण तो शेजारी तुझ्यापासून दहा पावलांवर, त्याच पाण्यात गळ टाकून बसलेला असतो. त्याला पाण्याखाली काय आहे ते ठाऊक आहे, तुला नाही. म्हणून नव्या रॉडचे पैसे तूर्त खिशातच राहू देत.

दूधगंगा सध्या खाली गेली आहे. गळ टाकायला हे दिवस तसे कंटाळवाणे, पण नदी शिकायला याहून चांगले दिवस वर्षात नाहीत. मलिकवाड-दत्तवाड बंधाऱ्याच्या अलीकडे किंवा पलीकडे एकच टप्पा धर, फार तर अर्ध्या किलोमीटरचा, आणि काठाकाठाने चाल. उघडा पडलेला खडक कुठे आहे, पुरात उन्मळलेली बाभूळ कुठे अडकली आहे, वळणावर पाण्याने काठ आतून कुठे कोरला आहे, हे सगळं बघ. शेतकऱ्यांनी पाण्याच्या मोटारींचे फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपची टोकं, कुठे सोडलेत तेही बघ. उन्हाळ्यातही पाणी मिळावं म्हणून ती जागा मुद्दाम खोल निवडलेली असते, कधी खणलेलीही असते. मोबाईलवर फोटो काढ आणि प्रत्येक फोटोत काठावरची न हलणारी खूण घे: विजेचा खांब, जॅकवेल, देवळाचा कळस. दिवाळीच्या सुमाराला पाणी निवळतं तेव्हा वरून सगळी नदी सारखीच दिसते. तेव्हा हे फोटो उघडायचे. मोठा पूर येऊन गेला असेल तर मात्र जुन्या खुणांवर विसंबू नकोस. २०१९ आणि २०२१ सारख्या पुरात वाळू सरकते, डोह भरतात, नवे पडतात. मग पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा चालायचं.

या जागा कशासाठी? मासा फुकट ताकद घालवत नाही. भर धारेत तो दिवसभर पोहत बसत नाही, धारेच्या कडेला, खडकाच्या किंवा झाडाच्या आडोशाला संथ पाण्यात थांबतो आणि धार खाणं घेऊन समोरून जाते तेवढं उचलतो. तुझं आमिष त्या संथ आणि वाहत्या पाण्याच्या सांध्यावर पडलं पाहिजे. सांधा वरूनही दिसतो. फेस, पानं, काटक्या एका रेषेत वाहत असतात, तीच ती रेष. नदीच्या मधोमध लांब फेकण्यात मर्दुमकी आहे असं पोरांना का वाटतं कोण जाणे. कितीतरी मासे काठापासून दोन वावांवर, म्हणजे बारा-एक फुटांवरच असतात.

व्हिडिओत तू पाहतोस तो बास मासा अमेरिकेतला. आपल्या नदीत तो नाही. पण त्याचं बरंचसं तंत्र आपल्या मरळीला लागू पडतं, कारण दोघांची चाल एक: आडोशाला दबा धरायचा आणि जवळ आलेल्यावर झडप घालायची. मरळ जलपर्णीच्या कडेला, पाणकणसात, लव्हाळ्याच्या उघड्या फटीत असते. तिला हवेतूनही श्वास घ्यावा लागतो, म्हणून ती अधूनमधून वर येऊन घोट घेते आणि तिथे पाणी डुचमळतं. गळ टाकण्याआधी पंधरा मिनिटं नुसतं बसून हे डुचमळणं शोध. त्या बासवाल्यांचा रबरी बेडूक इथे उत्तम चालतो. त्याचे गळ अंगाला चिकटलेले असल्याने तो जलपर्णीत अडकत नाही. जलपर्णीवरून सावकाश ओढत आणायचा, उघड्या पाण्यात आला की थांबवायचा. मरळीची उडी पडली की लगेच हिसका मारू नकोस. तोंडात नीट जाऊ दे, दोरी ताणली की मग मार. पुष्कळ मरळी या घाईतच सुटतात. जिवंत बेडूक गळाला लावायची जुनी रीत मला मान्य नाही. बेडूक शेताला हवेत.

पावसाळ्यात पाण्यावर बारीक पिलांचा लालसर गोळा फिरताना दिसला तर खाली त्यांचे आईबाप राखण करत असतात. ते जे समोर येईल त्यावर धावतात, त्यामुळे सहज लागतात. तेवढं मात्र करू नकोस. आईबाप उचलले की तो गोळा बाकीच्या माशांच्या पोटात जातो.

आता मिशीवाले. शिंगाळा आणि बोद यांच्यासाठी उजेडाची वेळ विसर. दिवस मावळल्यापासून पुढचे दोन-तीन तास, आणि पाणी किंचित गढूळ असेल तर अधिक बरं. हे डोळ्यांपेक्षा वासावर आणि चवीवर चालतात. मिशांनाही चव कळते. म्हणून आमिष वासाचं हवं: गांडुळांचा झुबका, कोंबडीचं काळीज किंवा आतडं, कोळंबी. दर अर्ध्या तासाने बदल, धुऊन पांढरं पडलेलं आमिष कुणी खात नाही. शिसं एवढंच लाव की गळ तळाला टेकेल. निपाणीकडची माणसं आपण, तळहातावर तंबाखू-चुना मळायचा आणि त्याच हाताने गांडूळ लावायचं ही सवय घरोघरी. तो वास आमिषाला लागू नये म्हणून मी आधी नदीच्या चिखलाने हात चोळून घेतो, तूही घे. बोदाचे दात बारीक पण पुष्कळ असतात, त्यावर तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) घासून तुटतो, तेव्हा गळाजवळची वीतभर दोरी जाड ठेव. शिंगाळ्याला पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागे काटा असतो. घुसला तर हात दिवसभर ठणकतो, म्हणून पकडीने गळ काढ. आणि गळाचं टोक नखावर टेकवून बघ. घसरलं तर बोथट, कानशीने घास नाहीतर फेकून दे.

बोद धोक्यातल्या जिवांच्या जागतिक लाल यादीत असुरक्षित म्हणून नोंदला आहे. मोठी मादी लागली तर सोडावी असं माझं मत, पण खायला न्यायचा की नाही ते तुझं तू ठरव. एक मात्र सांगतो, थाई मागूर हा परदेशी मिशीवाला मासा कुणी जिवंत दिला तर नदीत सोडू नकोस. त्याच्या पालनावर आपल्याकडे बंदी आहे ती उगीच नाही, तो बाकीची मासळी फस्त करतो.

पाण्याचा रंग अचानक बदलला, उग्र वास आला आणि मासे वर तोंड काढून आ वासत असले तर लोक टोपल्या घेऊन धावतात. ते नशीब नव्हे. पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो. तसला मासा घरी आणू नकोस.

जायच्या आधी त्या टप्प्याचा मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे ते विचार. अंबिगेर, म्हणजे तिकडच्या कोळी-नावाडी मंडळींशी मोडक्या का होईना कन्नडमध्ये बोल, ते मग आपण होऊन डोह दाखवतात. कृष्णेत, कल्लोळ-येडूरच्या अंगाला गेलास तर मगरींचं भान ठेव: अंधारात पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, मासे काठावर साफ करायचे नाहीत. मोटारींच्या वायरींजवळ गळ फेकायचा नाही. जून लागला की दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाच्या क्षेत्रातला पाऊस आणि विसर्गाची बातमी रोज बघायची. आपल्याकडे ऊन असलं तरी पाणी चढतं.

पावसाळ्याआधी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात, त्या काढायच्या आधी एकदा ये, टप्पा बरोबर चालू. रविवार नको, बंधाऱ्यावर धुणी आणि गाड्या धुणाऱ्यांची गर्दी असते. सदलग्याची सकाळची पहिली बस धर. भाकरी मी आणतो.

तुझा,
काका