डिस्काउंटला मिळते म्हणून एलआयसी घ्यावी का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी सिडनीत नोकरी करतो. दर महिन्याला थोडे पैसे शेअरबाजारात टाकायचेत, पण स्वतः शेअर निवडत बसायला वेळ नाही. ऑफिसातला मित्र म्हणतो अमुक एलआयसी घे, १५ टक्के डिस्काउंटला आहे, डॉलरचा माल ८५ सेंटला मिळतोय. बायको म्हणते साधा मॅनेज्ड फंडच बरा. काय करू?
– एक वाचक

उत्तर : आधी त्या ८५ सेंटचं बघू, कारण बरेच जण तिथेच भुलतात. एलआयसी (आपली विमावाली नव्हे, लिस्टेड इन्व्हेस्टमेंट कंपनी) म्हणजे एएसएक्सवर, ऑस्ट्रेलियाच्या शेअरबाजारात, लिस्ट झालेली, लोकांचे पैसे इतर शेअर्समध्ये गुंतवणारी कंपनी, तुम्हाला विकायचं असेल तर बाजारात घेणारा कोणीतरी पाहिजे आणि तो काय भाव देईल ते त्याची मर्जी. कंपनीकडच्या गुंतवणुकीची किंमत, म्हणजे एनटीए, दर महिन्याला जाहीर होते, पण शेअरचा भाव तिला बांधलेला नसतो. मॅनेज्ड फंडात (आपल्या म्युच्युअल फंडासारखा) तुमचा हिस्सा, म्हणजे युनिट, फंडच परत घेतो, एनएव्हीच्या, म्हणजे त्यातल्या गुंतवणुकीच्या किमतीच्या, आसपास. त्यामुळे आज १५ टक्के असलेला डिस्काउंट तुम्ही विकताना २५ झाला तर एनटीए जिथल्या तिथे असूनही ८५ चे ७५ होतात. वर्षानुवर्षं डिस्काउंटमध्येच पडून असलेल्या एलआयसी आहेत. हां, एक फायदा खरा, ८५ सेंटला घेऊन डिव्हिडंड मात्र पूर्ण डॉलरच्या गुंतवणुकीतून येतो.

आता दुसरी बाजू. लोक घाबरून पैसे काढायला लागले की अशा ओपन-एंडेड (मागाल तेव्हा पैसे परत देणाऱ्या) फंडाला हातातलं विकावं लागतं, आणि विकता येण्यासारखं नसेल तर दार बंद. ऑक्टोबर २००८ मध्ये सरकारने बँक ठेवींना हमी दिली तेव्हा लोकांनी ती हमी नसलेल्या मॉर्गेज फंडांतून (घर-जमीन तारण ठेवून कर्ज देणाऱ्या) पैसे काढायला धाव घेतली आणि कित्येक फंडांनी पैसे परत देणंच थांबवलं. एलआयसीत भाव आपटतो, पण मॅनेजरला काही विकावं लागत नाही.

टॅक्सचंही बघा. एलआयसी कंपनी म्हणून सहसा ३० टक्के टॅक्स भरते, मग ७० डॉलरच्या फुल्ली फ्रँक्ड डिव्हिडंडबरोबर ३० डॉलरचं फ्रँकिंग क्रेडिट येतं, म्हणजे कंपनीने आधीच भरलेला टॅक्स तुमच्या टॅक्समधून वजा होतो, शिवाय चांगल्या वर्षातला नफा राखून वाईट वर्षात वाटता येतो. फंड बहुधा ट्रस्ट असतो, त्या वर्षाचं उत्पन्न युनिटधारकांच्या नावावर जातं, तुम्ही ते परत गुंतवलं तरी टॅक्स तुम्हालाच.

एलआयसींपैकी एएफआयसी १९२८ ची, आर्गो १९४६ ची, या जुन्यांचा खर्च वर्षाला एक टक्क्याच्या बराच खाली. सगळ्या एलआयसी अशा नसतात, काहींची फी भरपूर आणि वर परफॉर्मन्स फी. नव्या इश्यूच्या तर मी वाटेलाच जात नाही, जुलै २०२० पर्यंत ते गळ्यात मारायला ब्रोकर-सल्लागारांना स्टॅम्पिंग फी, म्हणजे इश्यू खपवल्याचं कमिशन, मिळायची, यातच काय ते आलं.

माझं मत विचाराल तर दहा-पंधरा वर्षं हात लावायचा नसेल, डिव्हिडंड हवा असेल तर जुनी, कमी खर्चाची एलआयसी घ्या, पण डिस्काउंट तिच्याच आधीच्या पाच-सात वर्षांच्या सरासरीशी ताडून बघा, नुसत्या १५ टक्क्यांना काही अर्थ नाही. ठरावीक तारखेला पैसे लागणार असतील तर फंड बरा, निदान डिस्काउंटची भानगड तरी नाही. आणि महिन्याला दोन-तीनशे डॉलरच टाकणार असाल तर एलआयसीत दर वेळी ब्रोकरेज जाईल, त्यापेक्षा तीन-चार महिन्यांचे साठवून एकदम घ्या.