सायकल धर, बेटं थांबतील

भावा, टपाल तिकिटं जमवायला सायकल आणि बेटं हे दोन विषय झकास निवडलेस. पण दोन्ही एकदम नको. पहिलं वर्ष फक्त सायकल. बेटं कुठं पळतायत? जर्सी, गर्न्सी 1969 पासून स्वतःची तिकिटं काढतात, फॅरो बेटं 1975 पासून. किनारे जन्मभर पुरतील.

आता नवशिक्यांच्या चुका.

- पाकिटावरून तिकीट ओढू नकोस. भोवती बोटभर कागद ठेवून काप, कोमट पाण्यात सोड. सुटलं की चिमट्यानं उचल, टिपकागदावर वाळव. रंगीत पाकीट वेगळ्या वाटीत, नाहीतर रंग उतरतो. स्टिकरसारखी तिकिटं भिजवूच नकोस, कागदासकटच ठेव.
- डिंक, सेलोटेप बंद. चौथीत मी वहीत चिकटवलेली पंधरा तिकिटं अजून तिथंच कैदेत आहेत! स्टॉकबुक घे, म्हणजे न चिकटवता पट्ट्यांत तिकिटं खोचायची वही.
- साताऱ्याचा जुलै तुला माहीत आहेच. स्टॉकबुक उभं ठेव, शेजारी बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी.

दक्षिण आफ्रिकेतल्या मेफकिंग गावाचं 1900 चं निळं सायकलस्वाराचं तिकीट कुणी स्वस्तात देऊ लागला तर लांबूनच हात जोड. नकली फार. अजमान या आखाती अमिरातीच्या भडक तिकिटांची पाकिटं मात्र हौसेनं घे, फक्त पुढं किंमत येईल म्हणून नको.

कागदातल्या पाण्याच्या खुणा (वॉटरमार्क), तिकिटाच्या कडेच्या दात्यांची मोजणी सध्या राहू दे. आधी पन्नास सायकली जमव, मग बोलू.