२०२५ च्या कायदाबदलानंतर महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा ओव्हरटाइम कमी झाला का?

नाही, ओव्हरटाइमचा दर पूर्वीप्रमाणेच नेहमीच्या वेतनदराच्या दुप्पट आहे. बदलले आहे ते तो किती तासांनंतर मोजायचा, किती काम करून घ्यायचे आणि तो कोणाला मिळणार, एवढेच. खासगी रुग्णालयांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ लागू होतो आणि त्याच्या २०२५ च्या दुरुस्तीने दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर, तर तीन महिन्यांतील ओव्हरटाइमची कमाल मर्यादा १२५ तासांवरून १४४ तासांवर नेली. मात्र आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे आणि परिचारिकांसाठी तीच सर्वांत मोलाची आहे. प्रत्यक्ष १२ तास कामाच्या सहा पाळ्या केल्यास दिवसाच्या हिशेबाने १२ तास जादा भरतात, पण आठवड्याच्या हिशेबाने २४. म्हणून पगारपत्रकात केवळ रोजचे दोन तास दाखवले असतील, तर हजेरीपटाच्या नोंदींसह लेखी हरकत अवश्य घ्यावी. हे संरक्षण आता २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांतील कर्मचाऱ्यांनाच आहे (पूर्वी ही अट १० ची होती, त्यामुळे लहान नर्सिंग होममधील कर्मचाऱ्यांचे खरे नुकसान झाले आहे), शिवाय शासकीय रुग्णालये आणि व्यवस्थापकीय पदे त्यात येत नाहीत.