पहिल्यांदाच बर्फात गाडी काढताय?

जाणं टाळता येत असेल तर टाळाच. निघावंच लागलं, तर काचांबरोबर टपावरचाही बर्फ झाडा. ब्रेक मारला की तोच घसरून समोरच्या काचेवर येतो.

नवखे हमखास चुकतात ते ब्रेकमध्ये. बर्फाळ रस्त्यावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या 10 पट अंतर लागू शकतं. त्यामुळे पुढच्या गाडीपासून भरपूर लांब राहा आणि वेग वळणाआधीच कमी करा. जोरात ब्रेक लावावा लागला आणि एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल, तर पेडल पायाखाली थरथरेल. घाबरून पाय उचलू नका, दाबूनच ठेवा.

पुलांवर फार जपा. खालूनही गार वारा लागतो, म्हणून ते आधी गोठतात. दिसायला रस्ता नुसता ओला दिसतो.

बर्फात अडकलात तर इंजिन सुरू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, नाहीतर विषारी धूर आत येतो.