404 आलं म्हणजे लॉगिन झालं

पत्र : मॅडम, मी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. मूळची इंदापूरची, इथे नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहते. प्रोजेक्ट म्हणून जँगोमध्ये (वेबसाइट बांधायची पायथॉनमधली तयार चौकट) एका अभ्यासिकेची वेबसाइट करतेय : जागा बुक करायची, फीची पावती बघायची. तीन आठवडे लॉगिनवरच अडकलेय. पासवर्ड टाकला की 404 येतो, म्हणजे 'असं पान नाही'. 'नवीन जागा' हे पान उघडलं की 'जागा सापडली नाही' असं दिसतं. मित्र म्हणतो, तयार लॉगिन सोड, स्वतःचं टेबल कर, पासवर्डचा एक कॉलम ठेव, झालं. एका क्लासने फुल स्टॅकचे 65 हजार सांगितलेत. बाबा म्हणतात, हे तुझ्याच्याने होत नाही, एमपीएससीला बस. मला कोडिंग जमणारच नाही का?

उत्तर : आधी त्या 404 चं बघू, करिअरचं मग.

सर्व्हर चालू करतेस त्या काळ्या खिडकीत प्रत्येक मागणीची एक ओळ उमटते. तू कोडसोबत पाठवलेला तिचा फोटो तिरका आलाय, पण वाचता येतो. शेवटच्या दोन ओळी बघ. पहिलीत पोस्ट (म्हणजे फॉर्म भरून पाठवला), अकाउंट्स/लॉगिन आणि टोकाला 302. दुसरीत गेट (म्हणजे नुसतं पान मागितलं), अकाउंट्स/प्रोफाइल आणि टोकाला 404. तू दुसरी ओळ धरून बसलीस. पहिली वाचली असतीस तर मैत्रिणींना पेढे वाटले असतेस.

पासवर्ड चुकला असता तर जँगोने तोच फॉर्म पुन्हा दाखवला असता आणि ओळीच्या टोकाला 200, म्हणजे 'हे घे पान', आलं असतं. इथे 200 म्हणजे फसलं आणि 302 म्हणजे जमलं, हे उलटंच वाटतं, पण तसंच आहे. 302 म्हणजे 'आता त्या दुसऱ्या पत्त्यावर जा'. म्हणजे तुझं लॉगिन तीन आठवड्यांपूर्वीच झालंय. पुढे कुठे जायचं हे तू सांगितलं नाहीस, म्हणून जँगोने त्याच्या ठरलेल्या पत्त्यावर, अकाउंट्स/प्रोफाइलवर, पाठवलं. असं पान तू बनवलेलंच नाहीस, मग 404 येणारच. सेटिंग्ज फाइलमध्ये लॉगिन रिडायरेक्ट यूआरएल नावाची एक ओळ टाक, तिच्यात तुझ्या 'माझी जागा' पानाचं नाव दे. एका ओळीचं काम.

'नवीन जागा'चं दुखणं वेगळं आहे. यूआरएलची, म्हणजे पानांच्या पत्त्यांची, यादी वरून खाली वाचली जाते आणि जो नमुना पहिल्यांदा जुळतो तोच मागणी घेऊन जातो, खालच्यांना विचारत नाही. तुझ्या यादीत 'जागा/' च्या पुढे काहीही अक्षरं चालतील असा नमुना वर आहे आणि 'जागा/नवीन' त्याच्या खाली. त्यामुळे वरच्याने 'नवीन' हा जागेचा क्रमांक समजून शोधला. सापडणार कसा? नेमका पत्ता वर घे, किंवा वरच्या नमुन्यात स्ट्रिंगच्या जागी इंट लिही, म्हणजे तो फक्त आकडेच पकडेल. मी दोन्ही करते.

आता मित्राचा सल्ला. शिकण्यासाठी म्हणून एका रविवारी स्वतःचं लॉगिन जरूर लिही, आणि संध्याकाळी पुसून टाक. प्रोजेक्टमध्ये ते नको. जँगोच्या युजर टेबलमध्ये पासवर्डचा रकाना उघडून बघ : पीबीकेडीएफटू अशा नावाने सुरू होणारी लांबलचक रांग दिसेल. तो पासवर्डचा हॅश. त्यावरून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही, आणि एकेक अंदाज करून बघणाऱ्याला मुद्दाम वेळ लागावा अशीच ती पद्धत आहे. मित्राच्या टेबलात तुझ्या रूममेटचा पासवर्ड उघडा दिसेल. बहुतेक तोच तिच्या ईमेलचाही असेल.

पण हा कोड आणि ही वेबसाइट बाजूला ठेवून एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी, आणि ती कळायला तुझी अभ्यासिकाच पुरेशी आहे. पहिल्या दिवशी तिथले काका आधार कार्ड बघतात, पावती बघतात, रजिस्टरमध्ये नोंद करतात आणि कार्ड देतात. दुसऱ्या दिवसापासून आधार कोण विचारतं? कार्ड दाखवायचं आणि आत जायचं. वेबला मुळात कुणी लक्षात राहत नाही. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी नावाच्या पद्धतीने बोलतात, तिच्यात प्रत्येक मागणी म्हणजे नवा माणूस. म्हणून 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू माँटुली या प्रोग्रॅमरने कुकी काढली. तुझ्या ब्राउझरमधली कुकी म्हणजे ते कार्ड. तिच्यावर तुझं नाव नाही, पासवर्ड नाही, नुसता एक लांबलचक क्रमांक आहे. सर्व्हरकडचं सेशनचं टेबल, कोण लॉगिन आहे त्याची नोंद, म्हणजे काकांचं रजिस्टर. लॉगआउट म्हणजे रजिस्टरमधली ती नोंदच काढून टाकणं. तू काहीच बदललं नाहीस तर जँगोचं कार्ड दोन आठवडे चालतं. अभ्यासिकेतल्या सामाईक कॉम्प्युटरवर दोन आठवडे फार होतात, हे तुझ्या प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत आपणहून सांग.

आणि खरी मेख पुढे आहे. कार्ड दाखवून आत आलेला मुलगा दुसऱ्याचा लॉकर उघडू शकतो का?

तुझ्या पावतीचा पत्ता तू 'पावती/41' असा दिलायस. वर लॉगिन रिक्वायर्ड, म्हणजे 'लॉगिन असेल तरच आत' ही जँगोची अट, लावलंस, छान केलंस. आता स्वतःच्या नावाने लॉगिन कर आणि पत्त्यातला 41 खोडून 42 लिही. कुणाची पावती दिसली? दुसऱ्या मुलीचं नाव, फोन, फी, सगळं. लॉगिन रिक्वायर्ड फक्त दारावर कार्ड बघतो, लॉकर कुणाचा हे त्याच्या कामात बसत नाही. ते व्ह्यूमध्ये, म्हणजे पान तयार करणाऱ्या कोडमध्ये, तुलाच लिहायचंय : पावती शोधताना नुसता क्रमांक न देता 'क्रमांक हा आणि मालक आत्ता लॉगिन असलेला' अशी दोन्ही अटींनी शोधायची. नसेल तर 404. आणि इथे मात्र 404 मुद्दाम द्यायचा. 403, म्हणजे 'मनाई', दिलास तर 'अशी पावती आहे, पण तुझी नाही' एवढं तरी सांगून बसतेस.

ही चूक मी स्वतः केलीय. पहिल्या नोकरीत, दुसऱ्याच महिन्यात. बिलांचं पान होतं. एका ग्राहकाने फोन करून शांतपणे विचारलं, "मॅडम, मला शेजारच्या दुकानाचं बिल का दिसतंय?" त्या दिवशी जेवण गेलं नाही. माझी एकटीचीच ही तऱ्हा आहे असंही नाही. वेबच्या सुरक्षेवर काम करणारी ओवास्प ही संस्था धोक्यांची यादी काढते, तिच्या 2021 च्या यादीत हाच प्रकार पहिल्या क्रमांकावर आहे.

आता तुझा प्रश्न, कोडिंग जमेल का. मी अकरा वर्षं हिंजवडीत काम केलं, त्यातली सहा नवीन मुलांच्या मुलाखती घेण्यात गेली. माझा ठरलेला प्रश्न असायचा : लॉगिनचं बटण दाबल्यापासून पुढचं पान दिसेपर्यंत मध्ये काय काय होतं ते सांग. फार मुलं 'युजर व्हॅलिडेट होतो' म्हणून थांबायची. तू वरचं सगळं आपल्या भाषेत, अभ्यासिकेचं कार्ड धरून सांगितलंस आणि शेवटी '41 चं 42 करून बघितलं, गळत होतं, मग असं बुजवलं' हे जोडलंस, तर समोरचा माणूस खुर्चीत सरसावून बसेल. इंग्रजी अडखळलं तरी. तीन आठवडे अडकलीस हे काही तुझ्या बुद्धीचं माप नाही. तू चुकीची ओळ वाचत होतीस आणि शेजारी बसून बोट ठेवणारं कुणी नव्हतं, एवढंच.

बाबांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पेठेत राहतेस, पहाटे अभ्यासिकांबाहेर चपलांचे ढीग बघतेसच. पण एमपीएससी हा कोडिंग न जमणाऱ्यांचा पर्याय, अशा समजुतीत कुणी बसू नये. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, नऊ पेपर आहेत, वर्षं जातात. प्रशासनाची ओढ असेल तर खुशाल बस. एका 404 ला घाबरून बसू नकोस. तोवर बाबांना एकदा फोनवर तुझी वेबसाइट उघडून दे आणि त्यांच्या नावाने जागा बुक करायला लाव. जे समजावून पटत नाही ते कधी कधी स्वतःचं नाव पडद्यावर बघून पटतं. सीईटी देऊन दोन वर्षांच्या एमसीएला जाण्याचा रस्ताही आहे, पण तो प्रोजेक्ट संपल्यावर बोलू.

राहिले 65 हजार. क्लास म्हणजे वाईटच असं माझं मत नाही. एकटीने बसवत नाही अशा मुलांना शिस्तीचा फायदा होतो. पण जे तुला अडलंय ते जँगोच्या मोफत माहितीपानांत लिहिलेलं आहे, फक्त सावकाश वाचावं लागतं. तरीही जायचंच असेल तर पैसे भरायच्या आधी डेमो लेक्चरला बस आणि त्यांच्या नोट्समध्ये जँगोचं तयार लॉगआउट कसं वापरलंय ते बघ. डिसेंबर 2023 मध्ये जँगो 5.0 आलं, तेव्हापासून ते साध्या लिंकने चालत नाही, 405 येतो, म्हणजे 'ही पद्धत इथे चालत नाही'. पोस्ट करणारा छोटा फॉर्म आणि बटण लागतं. नोट्समध्ये लिंकच असेल तर सरांना वर्गात नम्रपणे विचार, "सर, हे कोणत्या व्हर्जनचं आहे?" आणि ते काय उत्तर देतात ते ऐकून मगच पाकिटाला हात घाल.