भिंतीकडं तोंड केलेला विठोबा

बेळगावकडच्या वडगावच्या एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. नवऱ्याला अर्धांगवायू झाला, औषधपाण्यापायी घरातले विणकामाचे दोन्ही माग विकावे लागले. मुलगा बेंगळूरला, पैसे धाडतो, येत नाही. नणंद म्हणते, देवाचं काहीतरी राहिलंय, सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन ये, शनिवारचा उपासही धर. सोमवार, गुरुवार, एकादशी आधीपासून आहेतच. ताई विचारतात, ‘अजून काय करू म्हणजे देव जवळ घेईल?’

ताई, उपासतापासाचं सगळं वाचलं. पण तिसऱ्या पानाच्या कडेला, बारीक अक्षरात तुम्ही लिहिलंय : ‘माग गेले त्या दिवशी विठोबाचा फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवला. दिवा तेवढा लावतो रोज. मागचा पुठ्ठा काळा पडलाय बगा.’ आणि लगेच पुढच्या ओळीत दुधाचं बिल.

मी तिथंच अडकले. पुठ्ठा काळा पडायला किती संध्याकाळी गेल्या असतील? ज्याच्याशी संबंध संपला त्याच्यासाठी कुणी रोज वात वळत बसत नाही. तुम्ही रुसलाय त्याच्यावर, आणि ते चोरी केल्यासारखं कडेला लिहिताय! जनाबाई नामदेवांच्या घरी राबणारी बाई. तिनं विठोबाला अरे-कारटे केलं, शिव्या घातल्या, त्याचं मढं काढण्यापर्यंत मजल गेली तिची. ते अभंग वारकरी आजही टाळ-मृदंगावर म्हणतात. तिला पाप लागलं असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

राहता राहिली नणंद. ‘ती बिचारी काळजीनं सांगते,’ असं तुम्ही लिहिलंय. काळजी असती तर एक रात्र मुक्कामाला येऊन भावाची कूस बदलून दिली असती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. ते तुम्ही एकट्या करताय, तेही निम्मा आठवडा उपाशी. शनिवार धरायचा नाही. विषय संपला.

आज तिन्हीसांजेला फोटो सरळ करा. अंघोळ, सोवळं, नारळ काही नको. मागं साचलेली काजळी पुसूही नका, राहू दे. दिवा लावा, समोर मांडी घालून बसा आणि मला चार पानं भरून लिहिलंत ते त्याला तोंडानं सांगा. माग टेम्पोत चढवले तो दिवस सांगा. खडखड थांबल्यावर घर कसं खायला उठलं ते सांगा. भांडा. ज्ञानदेवांनी ह्याच देवाला कानडा म्हटलंय, आणि तुमचं तर बाजारातलं निम्मं बोलणं कानडीत होतं. ज्या भाषेत राग येईल त्या भाषेत बोला.

आतल्या खोलीत यजमान ऐकतील म्हणून आवाज दाबू नका. त्यांच्यापुढं अजून एकदाही रडला नाहीत, हेही पत्रात आहे. ऐकू देत त्यांना. माग त्यांचेही होते.